आंघोळीच्या पाण्यावरची हरळी

९ मार्च

पाणी परत मागं गेलं. पंप पुन्हा पुढं न्यावा लागला. शब्बीर आणि मी, दोघंच. गुडघाभर चिखल, पाइप खांद्यावर. शब्बीर म्हणाला, “दिलीपराव, आपुन पाण्यामागं पळतुय का पाणीच आपल्याला पळवतंय?” मी पाइप दुसऱ्या खांद्यावर घेतला.

गोल्फचं हे मैदान झालं तेव्हा धरणाचा फुगवटा सातव्या होलच्या कडेला लागायचा. आता तिथं उभं राहिलं की आधी भेगा, मग चिखल, मग रोहित पक्षी, आणि त्यापलीकडं कुठंतरी चकाकतं ते पाणी. पक्ष्यांची चंगळ आहे. कुणाची तरी असू दे.

श. संध्याकाळी गाडीला किक मारून इंदापूरला घरी गेला. मग मी आणि नऊ होल.

१३ मार्च

रविवारी पुण्याचे दोन खेळाडू आले होते. त्यानंतर कुणी नाही. जाताना एक जण म्हणाला, “गवत थोडं ब्राउन वाटतंय.” थोडं!

सकाळी सगळ्या ग्रीनवरून चालत गेलो. झेंड्याभोवतीचं हे बारीक गवत तहानलं की लगेच सांगतं. पाऊल उचललं तरी ते परत उभं राहत नाही, ठसा तसाच राहतो. सातवर मागं वळून बघितलं तर माझे ठसे, एका ओळीत. दुसऱ्या कुणाचे नाहीत. कुणाचे असणार?

कापायच्या मशीनची पाती वर घेतली. जरा वाढू दे, मुळांना तेवढीच सावली. दुपारी नुसता फवारा मारायचा, भिजवायला नाही, गार करायला. श.ला हे अजून पटत नाही. पाणी द्यायचं तर पोटभर द्यावं, म्हणतो. खरं तर मलाही आतून तसंच वाटतं. उसाच्या मुलखातली माणसं आम्ही.

१६ मार्च

साहेबांचा फोन. (साहेब पुण्यात, खुर्ची पुण्यात, मैदान फोटोत.) सगळे ग्रीन जगवायचे नाहीत. तीनच. बाकीचे सोडून द्या. “कुठले ते तुम्ही ठरवा, तुम्ही एक्स्पर्ट.” आणि लगेच स्वतःच ठरवून टाकलं : क्लबहाउसमधून दिसतात ते.

म्हणजे सात गेला.

सात मी स्वतः लावलेला. वाळू चाळण्यापासून. गुडघ्यावर बसून गवताची एकेक काशी, म्हणजे मुळाचा धावता तुकडा, टोचली. लोक लेकरांचं कौतुक सांगतात तसं मी सातचं सांगत आलोय, त्यामुळं आता कुणी विचारत नाही.

पुढं सा. म्हणाले, पाऊसकाळात मालक लोक बघायला येणार. ग्रीन परत आले तर मैदान राहील, नाहीतर प्लॉट पाडायचे. “नवीन गवत विकत आणायचं वगैरे डोक्यात आणू नका.” आणलं नाही. दुसरंच आलं.

२० मार्च

मी राहतो त्या क्वार्टरच्या मागं एक वाफा आहे. दोन खाटा मावतील एवढा. त्यात ग्रीनचं अस्सल वाण आहे, मैदान झालं तेव्हा राखून ठेवलेलं. ह्या जातीला बी धरत नाही. जमिनीखालून धावणाऱ्या काशा तोडायच्या आणि त्याच लावायच्या. तेवढा वाफा जगला तर पावसाच्या तोंडाला त्यातल्या काशा सगळ्या ग्रीनवर टोचता येतील. नवीन काही आणायला नको. मैदान राहील, मी राहीन.

पंपानं मैदानाच्या तळ्यात आणलेलं पाणी ह्या वाफ्याला घालायचं नाही, ते तीन ग्रीनसाठी मोजून आहे. पण माझं आंघोळीचं पाणी माझं आहे. आज मोरीपासून वाफ्यापर्यंत चर काढला. साबण बंद.

श. म्हणाला, “आन वास?”

“कुणाला येणार?”

तो हसला. मग चर ओढायला लागला. मीही.

२९ मार्च

सात आधी निळसर झाला, मग करडा, आता गव्हाच्या काडासारखा. तिकडं जायचं टाळतोय. आज गेलोच. कडेची एक काशी उकरून मोडली. आत पांढरी असली तर जिवंत, तपकिरी असली तर गेली. पांढरी होती. बरं वाटलं. मग मधली मोडली. तपकिरी.

कागदावर हिचं नाव मोठं इंग्रजी आहे. पण मूळ जात हरळीचीच. आम्ही भावंडं हिच्याशी लढतच मोठी झालो. दर उन्हाळ्यात नांगरट झाली की दादा (वडलांना आम्ही दादाच म्हणतो), आई, बहीण मंगल आणि मी रानात काशा वेचायला. ढीग करायचा, मुळं वर करून, उन्हात कडकडीत वाळवून पेटवायचा. दादा म्हणायचे, “दोन पेरं राहिली तरी ती परत घर बांधती.” मी शेतकी शिकलो आणि ह्या नोकरीला लागलो तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. “आमी जल्मभर काढली, आन तू पगार घिऊन राखतुयास व्हय?” गावात मात्र सांगायचे, ल्योक पाण्याच्या खात्यात हाय.

४ एप्रिल

धरणातून पाणी उपसायला बंदी आली. आता फक्त तळ्याचा तळ, आणि प्यायला टँकर.

सा.चा फोन. तीन ग्रीनही सोडा. मात्र गेस्ट हाउससमोरचं लॉन हिरवं राहिलं पाहिजे, लग्नांची बुकिंगं आहेत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मी म्हणालो, “साहेब, लॉनचं गवत वेगळं असतं, ते कुठंही मिळतं.” ते म्हणाले, “दिलीप, लग्नं कुठंही मिळत नाहीत.”  आणि मी तर लग्न ह्या विषयात अडाणीच.

१४ एप्रिल

जयंती. गावाला, बावड्याला, जायचं होतं. लॉनवर साखरपुडा, त्यामुळं सुट्टी नाही. संध्याकाळी दादांनी फोन लावला आणि नुसताच मिरवणुकीकडं धरला. ढोल, पोरांचा ओरडा, मधेच कुणीतरी “सरका, सरका.” बराच वेळ मी ऐकत राहिलो. मग दादा म्हणाले, “ऐकलंस?” “ऐकलं.” “निळा शर्ट घाटला का?” घातला होता. बघायला कुणी नव्हतं हे सांगितलं नाही.

आई असती तर तिनं फोन ओढून घेतला असता. खीर खाल्ली का, आणि मग तेच, बावड्यात अमक्याची मुलगी आहे, वय झालंय पण चांगली आहे. मी सत्तेचाळीसचा झालो तरी तिची आशा सुटली नव्हती. आईबरोबर तो विषयही गेला. तेव्हा वैताग यायचा. आता कुणी विचारावं असं वाटतं.

२१ एप्रिल

वाफा हिरवा आहे. अख्ख्या मैदानात तेवढाच. सकाळी आंघोळ करून चरातनं पाणी जाताना बघायचं, हीच काय ती दिवसातली भेटगाठ.

काल ओंजळभर पाणी उरलं होतं ते सातवर नेऊन टाकलं. कशासाठी माहीत नाही. वाळूनं लगेच पिऊन टाकलं, टाकलं होतं हेही कळेना.

२६ एप्रिल

दादा आले! मंगलला सासरकडच्या एका लग्नाला जायचंय. ती सांगवीहून येऊन-जाऊन दादांचं बघत असते. ह्या वेळी जास्त दिवस आहेत म्हणून तिनं दादांना बावड्यातून सरळ एस्टीत बसवून दिलं. फाट्यावर घ्यायला गेलो. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि एका पुरचुंडीत कसलंसं बी. बी कशाला म्हटलं तर म्हणाले, “असू दी. मोकळ्या हातानं जाऊ ने रानात.”

मैदान बघून उभेच राहिले. “एवढी जिमीन! आन काय पेरत न्हाईत?”

“झेंडे,” मी म्हणालो.

हसले. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी बघितलं नव्हतं.

२८ एप्रिल

दादा सकाळी उठून सातपर्यंत चालत जातात. तिथं बसून पाण्याच्या दिशेनं बघत राहतात. परत आले की मी चहा करतो. दोन कप. परवापर्यंत दुसऱ्या कपात मी स्क्रू ठेवत होतो.

फार काही बोलत नाही आम्ही. ते बावड्याचं सांगतात, विहिरीला किती पाणी राहिलं, कुणाची शेळी व्याली. मी मशीनचं सांगतो. मग दोघं गप्प. पण एकट्याचं गप्प बसणं वेगळं आणि हे वेगळं.

त्यांना म्हटलं, आंघोळीला साबण लावू नका, पाणी त्या वाफ्यात जातं. “बरं,” म्हणाले. वाफ्यात काय आहे ते मी सांगितलं नाही. लाज वाटली. बापानं जी जाळली तिला मी आंघोळीचं पाणी पाजतोय हे कुठल्या तोंडानं सांगायचं? विषय निघेल तेव्हा सांगू म्हटलं.

१ मे

वैशाखी पौर्णिमा. दादांनी मेणबत्ती लावली, आम्ही दोघांनी वंदना म्हटली. ते मोठ्यानं म्हणतात, मी हळू. ह्या खोलीत वंदनेला दुसरा आवाज पहिल्यांदाच. खीर मी केली, पातळ झाली. दादा म्हणाले, “तुझ्या आईची बी पातळच व्हायची.” खोटं आहे. आईची खीर चमच्याला चिकटायची.

ह्यांना इथंच ठेवून घ्यावं असं मनात आलंय. मंगल परत आली की बोलतो. आधी दादांशी बोलायला पाहिजे. उद्या-परवा.

४ मे

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

मशीनची पाती धार लावायला बारामतीला गेलो होतो. परत येईतो दुपार. दादा दारातच उभे, घामाघूम, हातात खुरपं, चेहरा उजळलेला. “ये, ये. बघ कसा लोण्यावानी केलाय वाफा.”

सगळा खणलेला. मऊ, काळा, सपाट. एक काशी ठेवली नव्हती. साठ वर्षांचा हात आहे त्यांचा, तो ठेवेल कशी? उपटलेलं सगळं मुरमावर, मुळं वर करून, उन्हात. वाफ्यात ओळी ओढून मेथी टाकली होती. पुरचुंडीतली.

“पाणी वाया चाललं हुतं हरळीला. मला वाटलं, तुला येळ मिळंना.”

मी काय बोललो ते लिहायलाच पाहिजे. मी म्हणालो, “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझं म्हणून एवढंच होतं इथं. तुम्हाला काही ठेवताच येत नाही का? अख्खा जन्म नुसतं उपटण्यात गेला तुमचा.”

ते खुरप्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं गवात हाय.”

त्यानंतर मी ढिगावर पाणी मारत बसलो, ते आत जाऊन बसले. जेवलो नाही. म्हणजे मी जेवलो नाही म्हणून तेही जेवले नाहीत.

५ मे

पहाटेच गेले. पिशवी घेऊन फाट्यापर्यंत चालत. चहासुद्धा घेतला नाही. कपात स्क्रू नाहीत, चहा नाही. खुरपं धुवून दाराशी टेकवून ठेवलेलं.

चिडायला पाहिजे होतं साहेबांवर. लॉनवर. ह्या उन्हावर. वड्याचं तेल वांग्यावर काढलं. आणि वाफ्यात काय आहे हे सांगितलं कुणी नव्हतं? मीच. एक वाक्य होतं फक्त.

श.ला सांगितलं. तो ढिगापाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, “माझा बाप असता तरी त्यानं हेच केलं असतं. कुणाचा बी बाप असता तरी.”

दोघांनी मिळून ढीग उलटा केला. वरची सगळी कडकडीत. आत मधोमध, एकमेकांच्या सावलीला पडलेल्या थोड्या काशा मोडून बघितल्या तर पांढुरक्या. ओल्या पोत्यात गुंडाळून बादलीत ठेवल्या. नंतर घमेल्यांत वाळू-माती भरून लावल्या, लिंबाखाली. जास्तीत जास्त एका ग्रीनपुरत्या. त्याही लागल्या तर.

९ मे

घमेल्यांत काही नाही.

वाफ्यात मेथी उगवली. ओळीनं, एकसारखी. दादांचा हात. मी पाणी घातलं नव्हतं असं नाही. आंघोळीचं पाणी चरातनं तिकडंच जातं आणि चर बुजवावा असं काही वाटलं नाही.

दादांना फोन केला नाही. काय बोलायचं ते आधी ठरवतो, मग ते फार मोठं होतं, मग ठेवून देतो.

११ मे

सकाळी सातवर गेलो. वाळलेलं गवत पायाखाली मोडतं, परत उठायचा प्रश्नच नाही. त्यावर दादांच्या पायवाटेचे ठसे. रुंद वहाण, डावा पाय जरा बाहेर टाकलेला. पाण्याकडं तोंड करून जिथं बसायचे तिथं एक गोल चपटा डाग.

मी बसलो त्या डागात. बसलो आणि रडलो. इथं एक सोय आहे, कितीही मोठ्यानं रडलं तरी चालतं.

१६ मे

मंगलचा फोन. लग्नाहून आली, दादांकडं जाऊन आली. चिडली होती.

“दादांला काय बोल्लास तू?”

“का? काही म्हणाले?”

“ते कशाला सांगत्यात. जेवण न्हाय नीट. आन येड्यावानी करायल्यात. विहिरीच्या कडंला हरळीला पाणी घालत्यात. बादलीनं! माणसं हसायल्यात. प्यायला पाणी न्हाय आन म्हातारा हरळी भिजवतुय म्हणत्यात.”

मी मागच्या दारात येऊन मेथीकडं बघत राहिलो. ती म्हणाली, “हाईस का?”

आहे.

१७ मे

लॉनवर लग्न होतं. श. म्हणाला, मी बघतो, तुमी जावा. गेलो बावड्याला.

दादा विहिरीपाशीच होते. मंगलनं सांगितलं ते खरं. पार ओलाव्याच्या कडेला, अंगणाएवढा तुकडा हिरवागार. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, शेळ्या शिरू नयेत म्हणून. शेजारच्या तात्यांनी मला बघून हाक मारली, “आरं दिलप्या, तुझ्या बाला सांग काय तरी. आमच्या बांधाला यील ती!” दादांनी तिकडं मान वळवली नाही.

मला म्हणाले, “ही आपल्या बांधावरची. लई चिवट हाय. तुझ्या तिथल्यापरास मोठं पान हाय हिला.” मग जरा थांबून, “किती लागंल?”

किती लागेल! बांधावरची हरळी जाड, राठ. ती ग्रीनमध्ये शिरली की ग्रीन संपला. चेंडू सरळ जात नाही तिच्यावर. गेली कैक वर्षं मी रोज सकाळी वाकून, सुरीच्या टोकानं, ग्रीनमधनं हीच वेचून काढत आलोय. दादांना म्हणालो ना, जन्म उपटण्यात गेला. माझाही त्यातच चाललाय की. हे मला विहिरीवर उभं राहून कळलं.

“चालंल न्हवं?” दादांनी विचारलं.

“चालेल की,” मी म्हणालो.

ते लगेच आत वाकले, काढायला लागले. मी म्हटलं, मी काढतो. “तुला जमायचं न्हाय. तुटती.” ऐंशीच्या घरातला माणूस, पण कुठं बोट घालायचं आणि कुठं ओढायचं ते हाताला पाठ. फक्त ह्या वेळी तुटू नये म्हणून जपत होते. मी पोतं धरून उभा.

माफी मागायला गेलो होतो. चहा पिऊन आलो. त्यांना चल म्हणायचं होतं, माझ्याकडं राहायला, तेही राहिलं. एस्टी आली तेव्हा म्हणाले, “मेथी उगावली का?” मी मान हलवली. “खुडून खा. मोठी हूस्तवर ठिवू नगं.”

१८ मे

पोतं दारात, ओलं. आज उघडलं.

वरच्या काशा मातीसकट आहेत, काल माझ्यासमोर काढलेल्या. खाली मात्र वेगळ्या. मी यायच्या आधीच काढून त्यांनी तयार ठेवलेल्या असणार, आणि मी काही म्हणण्याच्या आत पोत्याच्या तळाला घातलेल्या. एकेक काशी धुतलेली. दोन-दोन डोळ्यांवर तोडलेली, उसाची टिपरी तोडतात तशी. जुड्या बांधल्यात, धोतराच्या काठाच्या चिंध्यांनी. जुड्यांमध्ये एकसुद्धा मेलेली नाही. मी मोडून बघितलं नाही, पण कळतं.

साहेबांचा फोन येऊन गेला. मालक जूनच्या मधे कधीतरी येणार. “काही होप आहे का, दिलीप?” म्हणालो, बघतोय.

घमेल्यांत परत बघितलं. एका घमेल्यात टोकदार काहीतरी वर आलंय. गवताचं आहे की मेथीचा दाणा तिकडं उडून पडला, अजून सांगता येत नाही.

२० मे

श.नं पोतं बघून विचारलं, “ही कुठं टाकायची? कंपाउंडच्या भाईर?”

शहाणपण तेच होतं. रस्त्याच्या कडेला लावावी, दादांना लावली म्हणून सांगावं, कोण बघतंय. रात्री झोपेतही तेच पटत होतं. घमेल्यातल्या काशा समजा लागल्याच, तर त्या एकाच ग्रीनला पुरतील आणि तो ग्रीन सात असावा असं मी मनात धरून बसलो होतो. सातमध्ये बांधावरची हरळी घातली तर तो परत कधी ग्रीन होणार नाही. दोन पेरं राहिली तरी ती घर बांधते.

पोतं खांद्यावर मारलं आणि सातवर गेलो.

श. मागनं आला. “दिलीपराव, येडं का खुळं? सायेब काय म्हंतील?”

“काय म्हणायचं ते म्हणतील.”

“आन मालक?”

“त्यांना सांगू, शेतकऱ्याचं वाण आहे.”

त्यानं मान हलवली. मग चपला काढून तोही गुडघ्यावर बसला. दादांच्या पायवाटेपासून सुरुवात केली. ठशाला ठसा धरून, एकेक टिपरू. घमेल्यातल्या काशा आता कुठं लावायच्या, लागल्या तर, ते लागल्यावर.

२३ मे

रोज सकाळी आंघोळीचं पाणी बादलीतनं सातवर नेतोय. चर मेथीपुरता ठेवलाय. मेथी खुडली, पीठ पेरून भाजी केली. ज्वारीचं पीठ दादांनी आणलेलंच अजून आहे. भाकरी जमली नाही, तुकडे झाले. भाजी चांगली झाली. दोन ताटं घेतली होती. एक परत ठेवलं.

सातवर अजून काही नाही. ऊन भयंकर. टिपरी वाळूत नीट बसलीत एवढंच.

२५ मे

दादांचा फोन. त्यांनी केला. सकाळी सकाळी.

“लावली का?”

“लावली.”

“कुठं?”

“तुम्ही बसायचा तिथं.”

 मागं विहिरीवरचा रहाट वाजत होता. मग म्हणाले, “पाणी?”

“आंघोळीचं.”

“साबण न्हाय न्हवं लावत?”

“नाही.”

“मी बी न्हाय लावत आता,” म्हणाले. मग, “उकरून बघू नगं. तुझी सवय हाय ती. ल्हानपणापास्नं. उकरून बघितलं की लागत न्हाय.”

मी म्हटलं, “दादा, इकडं या राहायला.” एकदम तोंडातनं निघालं, काही ठरवलं नव्हतं.

“बघू,” म्हणाले. “आधी ती लागू दी.”

फोन ठेवला. दोन्ही कप धुतले. बादली घेऊन सातवर जाऊन आलो. काही दिसत नाही. उकरलं नाही.